शायलॉकचा कर्जरोखा आणि कारखाना कायदा: अभिजात नाटके आर्थिक विचारात नेमके काय करतात

प्रश्न दोन भागांत विचारला जातो. जुनी नाटके आणि अभिजात साहित्य राजकीय-आर्थिक विचारवंतांना खरोखर घडवतात, की त्यांतली अवतरणे ही नुसती विद्वत्तेची झालर असते? आणि कुठे काय घडले आहे, हे वाचकाने ओळखायचे कसे?

थेट सांगायचे तर दोन्ही घडते, आणि पुष्कळदा एकाच पुस्तकात घडते. म्हणून सरसकट विधाने करण्यापेक्षा एक माणूस, त्याने वाचलेली चार-पाच नाटके आणि त्याच्या ग्रंथातल्या नेमक्या जागा समोर ठेवून तपासणे हाच खात्रीचा मार्ग आहे. कार्ल मार्क्स यासाठी सर्वांत सोयीचा, कारण त्याचे कच्चे मसुदे, पत्रे, वृत्तपत्री लेख आणि छापील ग्रंथ असे सगळेच आज वाचायला मिळते. शिवाय तीच नाटके त्याच्या लेखनात पंचवीस वर्षे पुन्हा पुन्हा येतात. माझे मत असे की साहित्याने मार्क्सला निष्कर्ष दिले नाहीत. त्याला एक नजर दिली: माणूस आणि त्याच्या वाट्याला आलेली भूमिका यांना वेगळे करून पाहण्याची. त्याच्या ‘भांडवल’ या मुख्य ग्रंथाचा पहिला खंड (१८६७) या नजरेशिवाय लिहिता आला नसता.

आधी त्याची शिदोरी पाहू. ट्रियरमध्ये शेजारी राहणारे लुडविग फॉन वेस्टफालेन, म्हणजे पुढचे सासरे, यांच्याकडून होमर आणि शेक्सपियर त्याच्या कानावर लहानपणीच पडले. १८४१ चा प्रबंध त्याने त्यांनाच अर्पण केला. बॉन विद्यापीठात कायद्याचा विद्यार्थी असताना तो ऑगस्ट विल्हेल्म श्लेगेल यांच्या होमरवरच्या व्याख्यानांना बसत असे. हे श्लेगेल म्हणजे शेक्सपियर जर्मनमध्ये आणणाऱ्यांतले अग्रणी. विशीच्या आत त्याने कविता, एक पद्यशोकांतिका आणि एक विनोदी कादंबरी लिहायला घेऊन पाहिली. लेखक म्हणून त्यांत दम नव्हता, हे त्याचे त्यालाच कळले. प्रबंधाच्या प्रस्तावनेत प्राचीन ग्रीक नाटककार इस्किलसचा, देवांपुढे न झुकणारा प्रोमिथियस येतो, तत्त्वज्ञानाच्या पंचांगातला पहिला संत आणि हुतात्मा म्हणून. १८६५ साली घरगुती प्रश्नोत्तरांच्या खेळात आवडते कवी विचारले तेव्हा त्याने तीन नावे लिहिली: शेक्सपियर, इस्किलस आणि जर्मन कवी गटे. जावई पॉल लाफार्ग याच्या आठवणींनुसार इस्किलस तो दरवर्षी मूळ ग्रीकमधून वाचत असे, आणि मुलींना शेक्सपियरचे उतारे तोंडपाठ होते.

ही सगळी झाली आवडीनिवडीची माहिती. आवड म्हणजे प्रभाव नव्हे, आणि इथेच बहुतेक लेख घसरतात: ‘मार्क्सला शेक्सपियर फार आवडे’ एवढे सांगून थांबतात. आवड सिद्ध झाल्यावर खरे काम सुरू होते.

पहिली जागा ‘टायमन ऑफ अथेन्स’. टायमन हा अथेन्सचा श्रीमंत, उधळ्या माणूस. कर्ज अंगावर येते, ज्यांच्यावर उधळले ते सगळे पाठ फिरवतात, तो रानात जातो, पोटासाठी कंदमुळे खणू लागतो आणि जमिनीतून सोने निघते. चौथ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशातले त्याचे स्वगत आर्थिक विचाराच्या इतिहासात गाजले ते मार्क्समुळे. भावार्थ असा: हे एवढेसे पिवळे सोने काळ्याचे पांढरे, कुरूपाचे सुंदर, चुकीचे बरोबर, नीचाचे थोर, म्हाताऱ्याचे तरुण आणि भेकडाचे शूर करील.

१८४४ मध्ये पॅरिसला लिहिलेल्या हस्तलिखितांत मार्क्स हा उतारा घेतो, पण त्याआधी गटेच्या ‘फाउस्ट’ नाटकाच्या पहिल्या भागातले मेफिस्टोफिलीस या सैतानाचे बोलणे मांडतो: सहा घोड्यांची किंमत मी मोजू शकलो तर त्यांची ताकद माझीच नाही का? मी चोवीस पायांचा असल्यासारखा दौडत सुटतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. मेफिस्टोच्या ओळींतून मार्क्स काढतो तो सिद्धांत असा, की पैसा असलेल्या माणसाची ताकद त्याच्या स्वतःच्या गुणांवर ठरत नाही. मी कुरूप आहे, पण सुंदर स्त्री विकत घेऊ शकतो, म्हणजे कुरूपतेचा परिणाम पुसला गेला. मग टायमनच्या उताऱ्यातून तो पैशाचे दोन गुण वेगळे काढतो. एक, प्रत्येक गोष्टीला तिच्या उलट रूपात बदलणारे दृश्य दैवत. दोन, सगळ्यांची वेश्या आणि माणसांची व राष्ट्रांची जुळवाजुळव करणारी कुंटीण. दैवत आणि वेश्या हे दोन्ही शब्द टायमनच्याच तोंडचे आहेत. उतारा काढून टाकला तर हे वर्गीकरणच उरत नाही. ही सजावट नव्हे.

आता हीच जागा १८६७ मध्ये पाहा. ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात तिसऱ्या प्रकरणात, धनसंचयाच्या विवेचनात, टायमनचा तोच उतारा तळटीपेत जातो. त्याच्या जोडीला ग्रीक नाटककार सॉफोक्लीसच्या ‘अँटिगनी’मधले राजा क्रेऑनचे भाषण येते: चांदीच्या नाण्याएवढी घातक गोष्ट माणसांत दुसरी नाही, ते नगरे उद्ध्वस्त करते, माणसांना घरातून हुसकते. मजकुरात मात्र आता वेगळाच युक्तिवाद आहे. पैसा स्वतःच एक क्रयवस्तू, म्हणजे विकत घेता-देता येणारी वस्तू आहे, कोणाच्याही खाजगी मालकीची होऊ शकणारी, त्यामुळे समाजाची सत्ता एका खाजगी माणसाच्या खिशात जाते. म्हणून प्राचीन समाजाने पैशाला व्यवस्था मोडणारा म्हणून शाप दिला. आधुनिक समाज मात्र सोन्याकडे आपल्या जीवनतत्त्वाचे तेजस्वी रूप म्हणून पाहतो. २३ वर्षांत टायमन मजकुरातून तळटीपेत गेला, आणि नैतिक संतापाच्या जागी समाजरचनेचे स्पष्टीकरण आले. विचार कसा पिकतो हे इतक्या स्वच्छपणे दाखवणाऱ्या जागा फार थोड्या सापडतात. मध्ये ‘जर्मन विचारसरणी’ (१८४५–४६) मध्येही हाच उतारा आहे, म्हणजे धागा तुटलेला नाही.

इथे एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. बोलणारे पात्र कोण आणि ते त्या क्षणी बरोबर आहे का? क्रेऑन पैशाला शिव्या देतो तेव्हा तो साफ चुकलेला आहे. त्याने दफनाला मनाई केलेल्या प्रेताला पहारेकऱ्यांनी लाच खाऊन माती देऊ दिली असा त्याला संशय आहे. प्रत्यक्षात ते काम अँटिगनीने केले, आणि पैशाचा त्यात संबंध नाही. टायमनसुद्धा निर्मळ साक्षीदार नव्हे. मैत्री भेटवस्तूंनी टिकते असे तो स्वतःच मानत होता. म्हणून या भाषणांना लेखकाचे मत समजून ‘शेक्सपियर भांडवलशाहीविरोधी होता’ असा निष्कर्ष काढणे चूक आहे. मार्क्स तसे करत नाही. तो पात्राच्या तोंडून एका समाजाला काय दिसत होते ते टिपतो. दुसरी गोष्ट, ‘टायमन’ पहिल्यांदा १६२३ च्या संकलित आवृत्तीत छापले गेले, आणि त्याचा काही भाग थॉमस मिडलटनने लिहिला असावा असे आज अनेक अभ्यासक मानतात. तेव्हा ‘शेक्सपियरचे अर्थशास्त्र’ असे शब्द वापरताना हात आखडता घेतलेला बरा.

दुसरी जागा शायलॉक, आणि माझ्या मते सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे. शायलॉक हा शेक्सपियरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधला ज्यू सावकार. कर्ज वेळेवर फिटले नाही तर कर्जदाराच्या अंगाचे एक पौंड मांस कापून घ्यायचे, असा रोखा तो लिहून घेतो आणि न्यायालयात तेच मागतो. तिथे वकिलाच्या वेषातली पोर्शिया त्याला हरवते.

१८४२ च्या शरदात मार्क्स कलोनच्या ‘ऱ्हायनिशे त्साइटुंग’मध्ये लाकूडचोरीच्या कायद्यावर लिहीत होता. जंगलात गळून पडलेल्या काटक्या गोळा करणे हा गरिबांचा परंपरेने चालत आलेला हक्क. प्रांतिक सभा त्याला चोरी ठरवायला निघाली होती. या लेखात शायलॉक आणि पोर्शिया यांचा न्यायालयातला प्रसंग येतो. पुढे १८५९ च्या अर्थशास्त्रावरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत मार्क्स स्वतः सांगतो की या वादामुळेच त्याला भौतिक हितसंबंधांवर पहिल्यांदा बोलणे भाग पडले आणि तो अर्थशास्त्राकडे वळला. म्हणजे शायलॉक अगदी उंबरठ्यावर उभा आहे. १८४४ मध्ये मार्क्स हेगेलच्या कायद्याच्या तत्त्वज्ञानावर लिहितो तेव्हा शायलॉक परत येतो. या वेळी तो कायद्याच्या इतिहासवादी पंथाचे, म्हणजे जुने म्हणून कायद्याचे समर्थन करणाऱ्यांचे, प्रतीक आहे, लोकांच्या काळजातून कापलेल्या प्रत्येक पौंड मांसासाठी जुन्या दस्तऐवजाची शपथ घेणारा.

आणि मग ‘भांडवल’मधले कामाच्या दिवसाचे प्रकरण. इथे तपशील सावकाश वाचावा. इंग्लंडच्या १८४४ च्या कारखाना कायद्याने ८ ते १३ वर्षांच्या मुलांचे काम दिवसाला साडेसहा तासांवर आणले. दुपारच्या आधी सलग पाच तास काम असेल तर किमान ३० मिनिटांची सुटी सक्तीची केली. दुपारनंतरच्या कामाबद्दल मात्र तसे काही लिहिले नव्हते. गिरणीमालकांनी ती फट हेरली. मुलांना दुपारी २ ला कामावर घ्यायचे आणि रात्री ८:३० ला सोडायचे. बरोबर साडेसहा तास, आणि मध्ये खाण्यापुरतीही उसंत नाही. आठ वर्षांच्या पोरांना इतका वेळ उपाशी राबवणे कायद्याच्या अक्षरात बसत होते. या वाक्याला लागूनच मार्क्स शायलॉकची ओळ ठेवतो: हो, त्याची छातीच, रोख्यात तसेच लिहिले आहे. थोडे आधी, कारखाना निरीक्षकांनी आरोग्य आणि नीतीच्या नावाने निषेध केला तेव्हा भांडवलाच्या तोंडी दुसरी ओळ येते: माझ्या कृत्याचे पाप माझ्या शिरी, मला कायदा हवा, रोख्यात लिहिलेला दंड हवा.

नाटकाने इथे नेमके काय पुरवले? क्रौर्याचे चित्र पुरवले असे म्हणणे अपुरे आहे, कारण क्रौर्य निरीक्षकांच्या अहवालांतही भरपूर होते. नाटकाने पुरवली ती युक्तिवादाची रचना: कायदा मोडून नव्हे, कायद्याला घट्ट चिकटून माणसाचा देह मागता येतो. यावरून मार्क्स पुढच्या टप्प्यावर जातो. मुलांच्या बाबतीत अक्षराला चिकटणारे मालक तरुण आणि स्त्रियांच्या बाबतीत त्याच कायद्याविरुद्ध उघड बंड करतात. व्हेनिसमध्ये पोर्शिया येऊन रोख्याचे अक्षरच उलटवते, मांस घे पण रक्ताचा थेंब सांडायचा नाही. गिरण्यांच्या प्रदेशात न्यायासनावर बसलेले दंडाधिकारी पुष्कळदा स्वतःच गिरणीमालक होते. तिथे पोर्शिया येणार कुठून?

आणखी एक जागा शोधून वाचावी. यंत्रांवरच्या प्रकरणाच्या शेवटाकडे, यंत्र कामगाराच्या हातातून साधन आणि त्याबरोबर पोट कसे हिरावून घेते हे सांगताना, तळटीपेत परत शायलॉक बोलतो: ज्या साधनांवर मी जगतो ती घेतलीत, म्हणजे माझा जीवच घेतलात. हे वाक्य मूळ नाटकात हरलेल्या शायलॉकचे आहे. मार्क्सने ते कामगाराच्या बाजूने ठेवले. एकच पात्र एका प्रकरणात गिरणीमालक आणि दुसऱ्या प्रकरणात बेकार झालेला मजूर! म्हणजे ‘भांडवल’मध्ये शायलॉक हा विशिष्ट धर्माचा किंवा स्वभावाचा माणूस उरलेला नाही. ती एक जागा आहे, तिथे जो उभा राहील त्याला तेच शब्द बोलावे लागतील. मार्क्सच्या १८४४ च्या ज्यूंच्या प्रश्नावरील निबंधातली भाषा आज टोचते आणि ती टोचलीच पाहिजे. त्यामुळेच ‘भांडवल’पर्यंत हे पात्र धर्मापासून कसे सुटले, हे दाखवणे अधिक गरजेचे आहे.

इथून आपण मुख्य मुद्द्यावर येतो. दुसऱ्या प्रकरणात मार्क्स सांगतो की आर्थिक रंगमंचावर दिसणारी पात्रे ही आर्थिक संबंधांची माणूसरूपे आहेत. त्यासाठी तो पात्रमुखवटा ही रंगभूमीची संज्ञा वापरतो. श्रमशक्तीच्या, म्हणजे कामगाराच्या काम करण्याच्या क्षमतेच्या, खरेदी-विक्रीच्या प्रकरणाचा शेवट तर सरळ प्रवेशबदलासारखा लिहिला आहे. बाजाराच्या गजबजाटात दोघे समान होते, एक विकणारा, एक घेणारा. आता उत्पादनाच्या दारात शिरताना आपल्या नाटकातल्या पात्रांचे चेहरे बदललेले दिसतात. पैसेवाला भांडवलदार होऊन पुढे चालतो, श्रमशक्तीचा मालक कामगार होऊन मागे. एकाच्या चेहऱ्यावर अर्थपूर्ण हसू, दुसरा बिचकत, स्वतःचे कातडे बाजारात आणले आणि आता सोलून घेण्यापलीकडे काही उरले नाही अशा माणसासारखा. माणसे तीच, करारही तोच, फक्त जागा बदलली. वरकड मूल्याचा, म्हणजे कामगाराला दिलेल्या दामापेक्षा त्याच्या श्रमातून निघणाऱ्या जादा मूल्याचा, शोध इथून सुरू होतो, आणि वाचकाला आधी चेहऱ्यातला फरक दाखवून मग त्याचे कारण सांगायचे हा क्रम नाटककाराचा आहे.

आता एक अडचण. मार्च १८५९ मध्ये जर्मन समाजवादी नेता फर्डिनांड लासालने आपले ‘फ्रान्झ फॉन सिकिंगेन’ हे ऐतिहासिक नाटक मार्क्स आणि त्याचा सहकारी एंगल्स यांना वाचायला पाठवले होते. मार्क्सने १९ एप्रिलच्या पत्रात स्पष्ट लिहिले: तू शेक्सपियरच्या वाटेने जायला हवे होतेस, जर्मन नाटककार शिलरच्या वाटेने गेलास, म्हणजे माणसांना काळाच्या कल्पनांचे नुसते कर्णे करून टाकलेस. सरदारांच्या बंडामागे शेतकरी आणि शहरांतले क्रांतिकारक घटक पार्श्वभूमीत जिवंत हवे होते. एंगल्सनेही मेमध्ये असेच लिहिले आणि शेक्सपियरच्या फॉलस्टाफ या विनोदी पात्राच्या भोवतीच्या रंगीबेरंगी लोकांची आठवण दिली. मग जो माणूस नाटककाराला पात्रांचे कर्णे करू नको म्हणतो, तोच आठ वर्षांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, माणसांचा विचार मी आर्थिक वर्गांची मूर्तिमंत रूपे म्हणूनच करतो, असे कसे म्हणतो?

विसंगती वरवरची आहे. लासालची पात्रे लेखकाच्या कल्पना बोलतात. ‘भांडवल’मधली पात्रे त्यांच्यावर लादलेली भूमिका बोलतात, आणि भूमिका व माणूस यांतली फट मार्क्स जागोजाग दाखवतो. भांडवलदाराच्या छातीत फाउस्टसारखे दोन जीव राहतात, एक साठवू पाहतो, एक उपभोगू पाहतो, असे तो संचयाच्या प्रकरणात म्हणतो. कामाच्या दिवसाच्या प्रकरणात तर उत्पादनाच्या वादळात दबलेला कामगाराचा आवाज एकदम उठतो आणि प्रथमपुरुषी स्वगत सुरू होते: तू माझी तीन दिवसांची श्रमशक्ती वापरतोस आणि दाम एका दिवसाचे देतोस. हे स्वगत हवेतले नाही. १८५९–६० मध्ये लंडनच्या बांधकाम कामगारांनी दिवस नऊ तासांचा व्हावा म्हणून संप केला. त्यांच्या समितीच्या जाहीरनाम्यात हेच मुद्दे होते, असे मार्क्स तळटीपेत नोंदवतो. नाट्यरूप वर, दस्तऐवज खाली: ही बांधणी त्याची स्वतःची आहे आणि अर्थशास्त्रात तिला तोड नाही.

विनोदी पात्रांचे काम वेगळे असते. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी ‘मच अडू अबाउट नथिंग’मधला मूर्ख हवालदार डॉगबेरी येतो. त्याचे म्हणणे, देखणेपण नशिबाने मिळते, लिहिता-वाचता येणे मात्र निसर्गतः येते. विनिमयमूल्य, म्हणजे अदलाबदलीत वस्तूला येणारी किंमत, हा वस्तूचा अंगभूत गुण आहे असे मानणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनी समाजाने दिलेले आणि निसर्गाने दिलेले यांची अशीच उलटापालट केली आहे, हे दाखवायला एवढी एक ओळ पुरते. क्रयवस्तू पैशावर प्रेम करतात पण खऱ्या प्रेमाची वाट कधी सरळ नसते, ही ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मधली ओळ मात्र मला सजावटीच्या अंगाने जाणारी वाटते. माल विकला जाईलच याची खात्री नसते, हे त्या ओळीवाचूनही तितकेच स्पष्ट आहे.

कादंबरीकारांबद्दल थोडक्यात. फ्रेंच कादंबरीकार बाल्झाककडून मार्क्सने कंजूषपणाच्या छटा घेतल्या. म्हातारा सावकार गोबसेक मालाचे ढीग रचू लागतो तेव्हा बाल्झाक त्याला बुद्धी फिरलेला दाखवतो, हे मार्क्स संचय आणि साठेबाजी यांतला फरक सांगताना वापरतो: माल अडवून ठेवणे म्हणजे भांडवल वाढवणे नव्हे. अर्थशास्त्राचे काम संपल्यावर बाल्झाकवर लिहायचा त्याचा बेत होता, तो राहून गेला. एंगल्सने १८८८ मध्ये इंग्रज कादंबरीकार मार्गारेट हार्कनेसला लिहिलेल्या पत्रात कबूल केले, की त्या काळातल्या व्यावसायिक इतिहासकार, अर्थशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ या सगळ्यांपेक्षा जास्त तो बाल्झाककडून शिकला. त्याच पत्रातला अधिक मोलाचा भाग हा, की बाल्झाक राजेशाहीवादी होता आणि तरीही त्याच्या लेखणीला स्वतःच्या सहानुभूतीविरुद्ध जावे लागले. रॉबिन्सन क्रूसोचे उलट आहे. बेटावरच्या एकट्या माणसापासून अर्थशास्त्र सुरू करण्याची सवय मार्क्सने खोडून काढली, म्हणजे इथे साहित्याने अर्थशास्त्राला चुकीची वाट दाखवली होती. हाही प्रभावच.

आता तपासणीची रीत. कुठल्याही विचारवंताच्या ग्रंथात साहित्यिक अवतरण दिसले की मी हे करायला सांगतो. ओळ कोणत्या अंकातली, कोणत्या प्रवेशातली ते शोधा आणि तिच्या मागच्या-पुढच्या शंभरेक ओळी वाचा. बोलणारे पात्र कोण, ते खोटे बोलते आहे का, चिडलेले आहे का, हरलेले आहे का, ते लिहून ठेवा. मग अवतरण झाकून परिच्छेद वाचा. युक्तिवाद तसाच उभा राहिला तर ती सजावट. एखादा भेद, क्रम किंवा संज्ञा गळून पडली तर ते काम करणारे अवतरण. त्यानंतर तीच जागा त्याच लेखकाच्या आधीच्या आणि नंतरच्या लेखनात आहे का ते पाहा. एकदाच आलेली ओळ स्मरणातून सहज आलेली असू शकते. २५ वर्षांत तीनदा, दर वेळी वेगळ्या कामाला लावलेली ओळ तशी नसते. शेवटी मजकूर छापला केव्हा गेला ते बघा. १८४४ ची हस्तलिखिते १९३२ मध्ये प्रसिद्ध झाली. लेनिन १९२४ मध्ये वारला. म्हणजे टायमनवरचे ते दीर्घ विवेचन त्याच्या डोळ्यांखालून जाणे शक्य नव्हते, त्याच्यापुढे फक्त ‘भांडवल’ची तळटीप होती. ‘या उताऱ्याने क्रांतिकारकांच्या पिढ्या घडल्या’ असे लिहिणारे इथे उघडे पडतात.

चुका नेहमी त्याच त्याच होतात. सर्वांत मोठी भाषांतराची. कम्युनिस्ट जाहीरनाम्यातले ‘जे जे ठोस ते हवेत विरून जाते’ हे इंग्रजीत शेक्सपियरच्या ‘टेम्पेस्ट’मधल्या प्रॉस्पेरो या जादूगाराच्या भाषणाची आठवण करून देते, म्हणून ते शेक्सपियरच्या प्रभावाचे उदाहरण म्हणून दिले जाते. पण ती शब्दयोजना १८८८ च्या सॅम्युएल मूरच्या इंग्रजी भाषांतरातली आहे. १८४८ च्या जर्मन मजकुरात वाफ होऊन जाण्याची प्रतिमा आहे, प्रॉस्पेरो नाही. त्याच जाहीरनाम्यातला, स्वतः जागवलेल्या शक्ती आवरता न येणारा मांत्रिक मात्र मूळ जर्मनमध्ये आहे आणि गटेच्या १७९७ च्या कवितेशी त्याचे नाते सरळ जुळते. दुसरी चूक प्रकरणांच्या आकड्यांची. जर्मन ‘भांडवल’मध्ये २५ प्रकरणे आहेत, इंग्रजीत ३३. कामाचा दिवस जर्मनमध्ये आठवे प्रकरण, इंग्रजीत दहावे. यंत्रांचे प्रकरण तेरावे आणि पंधरावे. संदर्भ देताना आवृत्ती लिहिली नाही तर वाचक भलत्याच पानावर जातो.

तिसरी चूक नुसत्या प्रतिध्वनीला प्रभाव म्हणण्याची. ॲडम स्मिथचा ‘अदृश्य हात’ मॅकबेथच्या ‘रक्ताळलेल्या, अदृश्य हाता’वरून आला, हे ऐकायला छान वाटते. स्मिथने हा शब्दप्रयोग तीन वेळा केला: खगोलशास्त्राच्या इतिहासावरच्या निबंधात ज्युपिटर देवाचा हात म्हणून, १७५९ च्या नैतिक भावनांवरच्या ग्रंथात, आणि १७७६ मध्ये ‘राष्ट्रांची संपत्ती’त. मॅकबेथशी युक्तिवादाचा धागा यांपैकी कुठेच नाही. स्मिथवर रंगभूमीचा प्रभाव पाहायचा तर तो १७५९ च्या ग्रंथात इतरत्र आहे. सहानुभूतीचे सगळे विश्लेषण तिथे प्रेक्षकाच्या जागेवरून चालते, आणि रासीनची ‘फेद्र’ व व्होल्तेअरची ‘महोमे’ ही नाटके तिथे खऱ्या उदाहरणांचे काम करतात. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ केन्सच्या बाबतीत दिशाच उलटी आहे: १९३० च्या ग्रंथात तो म्हणतो की शेक्सपियर अवतरला तेव्हा इंग्लंडला तो परवडण्याइतकी आर्थिक सुबत्ता नुकतीच आली होती.

आपल्याकडचे सर्वांत ठाशीव उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यात जन्मलेला हा गणितज्ञ भर्तृहरीच्या सुभाषितांची शेकडो हस्तलिखिते ताडून १९४८ मध्ये संशोधित आवृत्ती काढतो, व्ही. व्ही. गोखले यांच्याबरोबर विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोश’ संपादित करतो, आणि त्याच वर्षांत भारतीय इतिहासाची भौतिकवादी मांडणी करतो. ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) मधला उर्वशी-पुरूरव्यावरचा निबंध वरच्या रीतीने वाचून पाहावा. कालिदासाच्या ‘विक्रमोर्वशीय’मधल्या प्रेमकथेपासून मागे जात ते ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या ९५ व्या सूक्तातल्या संवादापर्यंत पोचतात. तिथे पुरूरव्याच्या विनवणीत त्यांना विरही प्रियकर दिसत नाही, बळी जाणारा पुरुष दिसतो. एकाच कथेची रूपे बदलत गेली ती समाजरचना बदलत गेली म्हणून, हा त्यांचा दावा. निष्कर्ष पटो न पटो, नाटक काढून घेतले तर हा निबंध उरतच नाही.

सुरुवात करायची असेल तर आधी ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’चा चौथा अंक आणि ‘टायमन’चा चौथा अंक पूर्ण वाचा, मग ‘फाउस्ट’च्या पहिल्या भागातला करारानंतरचा अभ्यासिकेतला प्रवेश. त्यानंतर १८४४ च्या हस्तलिखितांतले पैशावरचे छोटे प्रकरण, ‘भांडवल’ची पहिली तीन प्रकरणे, श्रमशक्तीच्या खरेदी-विक्रीचे, आणि शेवटी कामाच्या दिवसाचे. पहिल्याच प्रकरणात अडकलात तर कामाच्या दिवसापासून सुरू करा, काही बिघडत नाही. आणि मराठीतच काम करायचे असेल तर आगरकर आहेत. १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ म्हणून हॅम्लेट मराठीत आणणारा आणि १८८८ पासून ‘सुधारक’मधून मिल-स्पेन्सरच्या अंगाने लिहिणारा माणूस एकच आहे. नाटकाचे भाषांतर आणि ते निबंध शेजारी ठेवून, वरच्या कसोट्या एकेका निबंधाला लावत गेलात, तर कामाला लागलेली जागा कोणती आणि नुसती आठवण कोणती, हे मराठी गद्यातच दाखवता येईल.